चटणीसाठी ४ किलो कांदा उभा, एकसारखा चिरायचाय. विळीऐवजी काय घेऊ?

नमस्कार मंडळी,

आम्ही मूळचे कोल्हापूरचे, आणि वर्षाची चटणी (कांदा-लसूण तिखट) अजून घरीच करतो. एप्रिलात मिरच्या गच्चीवर वाळत पडल्या की आई विळी घेऊन बसायची. ४ किलो कांदा दुपारच्या चहापर्यंत उभा चिरून परातीत पडलेला असायचा, पहिल्या कांद्यापासून शेवटच्यापर्यंत एकाच जाडीचा.

या फेब्रुवारीत तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. जमिनीवर बसायचंच नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. "टेबलावर विळी ठेवून चिरते" म्हणते, पण घरातली विळी टेबलावर घसरते, ते मी तिला करू देणार नाही. यंदा कांदा मी चिरणार, ओट्याशी उभी राहून. विळीवर माझा हात कधी बसलाच नाही.

मागच्या वर्षीही तिचे गुडघे दुखतच होते, म्हणून मी दोरी ओढायचा चॉपर वापरला. कांद्याचा चुरा झाला, पाणी सुटलं, आणि कढईत तो तळण्याऐवजी शिजत राहिला. बारीक कण करपून कडू झाले, मोठे आतून ओलेच राहिले. डंक्यावर कुटताना चटणीचे गोळे व्हायला लागले तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता. गौरी-गणपतीला बरणी काढली तर तळाशी बुरशी. सगळी चटणी टाकून दिली. आई एक शब्द बोलली नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

म्हणून विचारतेय. कांदा एकसारखा चिरला गेला तरच एकसारखा तळला जातो आणि कुरकुरीत होऊन त्यातलं पाणी जातं. पाणी राहिलं की पावसाळ्यात चटणी गेलीच.

सुरीने करून पाहिलं. पहिला अर्धा किलो छान होतो, मग अंगठ्याचा सांधा दुखायला लागतो आणि काप जाड होत जातात. घरात एक प्लास्टिकची स्लायसर किसणी आहे. तिचं पातं दाबलं की वाकतं, पाकळ्या सुटून घसरतात, शिवाय गोल चकत्या पडतात. मला उभे काप हवेत.

जाडी कमीजास्त करता येणारा स्लायसर घ्यावा का, की फूड प्रोसेसरची चकती? वर्षात दोनतीनदा असा मोठा घाणा असतो, एरवी रोजचे चार कांदे. २००० रुपयांपर्यंत खर्च करेन. कोणी खरोखर किलोंनी कांदा चिरत असाल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, विळी एवढ्यात सोडू नका. ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायची विळी मिळते. भांड्यांच्या जुन्या दुकानात विचारा. विळीत पातं जागेवर राहतं आणि कांदा दोन्ही हातांनी पुढे सरकतो, म्हणून मनगटावर भार येत नाही. आईंनाही उंच खुर्चीवर बसून थोडं चिरता येईल. त्यांना तेही हवं असेल.

प्रतिसाद २

मी घरगुती बिर्याणीच्या ऑर्डरी घेते, आठवड्याला ६-७ किलो कांदा तळते. व्ही आकाराचं स्टीलचं पातं आणि जाडीचा खटका असलेला स्लायसर घ्या. त्या पात्यावर पाकळ्या घसरत नाहीत. तळायला २ मिमी ठेवा, त्याहून पातळ काप डोळ्यादेखत करपतात.

चकत्या पडतात त्यात दोष किसणीचा नाही, कांदा धरण्याचा आहे. शेंडा आणि मूळ दोन्ही एकाच रेषेत कापले जातील असे कांद्याचे उभे दोन भाग करा. मुळाची चकती आधी कापू नका, तिच्यामुळे पाकळ्या एकत्र राहतात. मग चिरलेली सपाट बाजू पात्यावर टेकवून सरकवा, उभेच काप पडतील. मुळाशी जोडलेलं टोक नंतर सगळ्यांचं एकदम छाटून टाकायचं. पाठीकडचा भाग उरला की त्याची रुंद पापडी निघायला लागते. तिथे थांबा आणि तो तुकडा सुरीने चिरा. बोटं कापतात ती तिथेच, शेवटच्या तुकड्याचा मोह धरल्यामुळे. सोबत येणारा पकडीचा ठोकळा वापरायचाच, आणि पातं लागू नये म्हणून मिळतो तो विणलेला हातमोजाही घ्या.

चिरलेला कांदा तळण्याआधी तासभर पंख्याखाली सुती कापडावर पसरा. कढईत एका वेळी थोडाच टाका.

प्रतिसाद ३

फूड प्रोसेसर असेल तर वापरा, पण त्यासाठी नवा घेऊ नका. ४ किलो पंधरा मिनिटांत होतो हे खरं, पण नळीत कांदा आडवा पडला की काप कसेही येतात. चटणीला ते चालणार नाही.

कांदा कोणता घेता? एप्रिलात येणारा उन्हाळ कांदाच घ्या, तो टिकाऊ असतो. पावसाळी लाल कांद्यात पाणी फार. आणि चिरण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला तर डोळ्यांना कमी झोंबतो. थंडाव्याने डोळ्यांत जाणारा वायू कमी सुटतो. पात्याला धार असली तरी फरक पडतो, कांदा चिरडला जात नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. सपाट बाजू खाली ठेवून आत्ताच जुन्या किसणीवर दोन कांदे करून पाहिले. काप जाडच आले, पण उभे आले! आईला दाखवले तर तिने एक काप उजेडात धरला आणि म्हणाली, "अजून निम्मा पातळ हवा."

व्ही पात्याचा स्लायसर आणि हातमोजा शनिवारी आणते. ओट्यावरच्या विळीचंही आईला सांगितलं, ती लगेच खुर्चीची उंची मोजायला लागली. आमचा ओटा ग्रॅनाइटचा आहे आणि कड गोल केलेली आहे. अशा कडेवर स्क्रूची विळी घट्ट बसते का? कोणी वापरत असाल तर तेवढं सांगा, मग तिच्यासाठी तीही घेईन.