मदत हवी आहे: घरी बनवलेल्या स्कींची चाचणी कशी घ्यावी?

मंडळी, आम्ही डेन्व्हरला राहतो. गॅरेजमध्ये स्कींची जोडी बनवली आहे. आत अ‍ॅश आणि पॉप्लर लाकडाचा गाभा (मधे ११ मिमी, टोकांना २ मिमी), वर-खाली फायबरग्लास, तळाला पॉलिथिलीन, कडेला पोलादी पट्ट्या. इपॉक्सी लावून व्हॅक्यूम बॅगेत दाबली. फार देखणी झाली आहे!

दोन्ही टोकं टेकवून मधे २० किलो वजन ठेवलं, तर एक स्की दुसरीपेक्षा ४ मिमी जास्त वाकते. एवढा फरक वळताना जाणवेल का?

मुख्य काळजी बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या भागाची. जोराची ओढ बसली तर स्क्रू गाभ्यातून उपटून यायला नकोत. उरलेल्या तुकड्यात स्क्रू बसवून वजन टांगून बघावं म्हणतो, पण किती वजन धरावं? लेक वापरणार आहे, म्हणून खात्री झाल्याशिवाय बर्फावर नेणार नाही. ज्यांनी स्वतः स्की बनवल्या आहेत त्यांनी कृपया सांगा.