मिरजेचा तानपुरा : मानांकनाच्या चौकटीत नवे वाद्य बसावे का?

जवारी :
मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन (वस्तूचे नाव तिच्या मूळ प्रदेशाशी जोडून राखणारी कायदेशीर नोंद) मिळाले, याचा सांगली जिल्ह्यातील प्रत्येकाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. आता प्रश्न असा की, भोपळ्याऐवजी फायबरचा किंवा चपट्या लाकडी पेटीचा, प्रवासात सोयीचा तानपुराही मिरजेच्या नावाने विकला जावा का? माझ्या मते जाऊ नये. मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा, त्यावरची तबली (लाकडी झाकण) आणि दांडी हे सारे जुळून आले तरी वाद्य लगेच बोलत नाही. कारागीर घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा) माथा किंचित घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो, तारेखालचा सुताचा धागा पुढेमागे सरकवतो, तेव्हा कुठे खर्जाच्या (खालच्या 'सा'च्या) तारेतून गांधार ('ग' स्वर) ऐकू येऊ लागतो. यालाच जवारी लावणे म्हणतात. मानांकन या कसबाचे आहे, आकाराच्या नकलेचे नव्हे.

पेटीवाला :
आपल्या कसबाच्या वर्णनाशी सहमत आहे, निष्कर्षाशी मुळीच नाही. जवारी चपट्या तानपुऱ्यालाही त्याच हातांनी लावावी लागते. शिवाय मिरजेतील ही कलाच मुळात धाडसातून जन्मली. शस्त्रांचे काम करणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले नसते, तर आज मानांकन कशाला मिळाले असते? नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे बंधू कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर (सप्तकातील सूक्ष्म स्वरांवर) पुस्तक लिहिले, पुढे क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी (हार्मोनियम) घडवण्याचा खटाटोप झाला, आणि त्या प्रयोगांना साथ दिली ती मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी. परंपरेचा एवढा मोठा गवई प्रयोगाला बिचकला नाही, मग आपणच का बिचकावे? भोपळा विमानाच्या सामानात फुटतो म्हणून शिष्य मोबाइलवरचा तानपुरा लावून बसतात. त्यापेक्षा मिरजेचा चपटा तानपुरा शतपटीने बरा.

जवारी :
श्रुतींच्या पेटीचे उदाहरण आपल्याच विरुद्ध जाते. ती पेटी मैफलीत रुजली नाही. खाँसाहेबांच्या मागे शेवटपर्यंत वाजत राहिला तो तानपुराच. चपटे वाद्य बनवायला कोणाचीच आडकाठी नाही, मानांकन तसे करण्यास मनाई करत नाही. माझा आक्षेप फक्त एकाच नावाखाली दोन्ही विकण्याला आहे. बाहेरगावचा ग्राहक छायाचित्र पाहून मागणी नोंदवतो, त्याला फरक कसा कळणार?

वारणाकाठ :
दोघांची चर्चा वाचनीय आहे, परंतु जिल्ह्याचे संगीत मिरजेच्या दर्ग्यापाशी (जिथे दरवर्षी संगीत सभा भरते) सुरू होऊन तिथेच संपते की काय, अशी शंका येते. लावणीकार शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे, तमाशातील काळू-बाळू ही जोडी सांगलीजवळच्या कवलापूरची. खयालाला तानपुरा जो आधार देतो, तोच लावणीला आणि गोंधळाला तुणतुणे देते, पण तुणतुणे बनवणाऱ्याची विचारपूस कोणी केल्याचे ऐकिवात नाही. दर्ग्याच्या संगीत सभेबद्दल मलाही आदर आहे. मात्र वारसा म्हटला की फक्त बैठकीचे गाणे आठवावे, ही (स्पष्टच बोलतो) जुनी खोड आहे.

पेटीवाला :
वारणाकाठ यांचा मुद्दा रास्त आहे. त्यात एवढीच भर घालतो की, ढोलकीची शाई (कातड्यावरचा काळा लेप) भरणारा आणि जवारी लावणारा, दोघांचेही ज्ञान कानात असते, ते कागदावर उतरत नाही. त्यामुळे दोघांकडे शिकाऊ मुले टिकतील असे मानधन आधी मिळायला हवे.

जवारी :
मानधनाबद्दल दुमत नाही. तुणतुण्याला मात्र मानांकन मिळणे कठीण दिसते, कारण ते सबंध महाराष्ट्रात बनते, आणि मानांकनासाठी वस्तूचे गुण किंवा लौकिक विशिष्ट भूभागाशी बांधलेले दाखवावे लागतात. कवलापूरच्या वगांचे (तमाशातील नाट्यांचे) तपशीलवार ध्वनिमुद्रण हा त्यापेक्षा उपयोगी मार्ग ठरेल. चपट्या तानपुऱ्याविषयीचे माझे मत कायम आहे : त्याला वेगळे नाव द्यावे आणि खुशाल विकावा.

वारणाकाठ :
ध्वनिमुद्रण जरूर करावे, पण वग रंगतो तो समोरच्या प्रेक्षकांवर. बंद खोलीत सोंगाड्या कोणाला उत्तर देणार? मुद्रण जत्रेच्या फडातच व्हावे, शिट्ट्या-टाळ्यांसकट.