मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू झाल्यावर शरीराची नोंद: एका पानावर काय काय असावं?

(नोंदवही, मापपट्टी, सावकाश आणि उंबरठा ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं.)

नोंदवही (प्रश्न)

स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर असलेल्या शुभार्थींच्या (म्हणजे रुग्णांच्या) घरच्यांसाठी एकपानी तक्ता करायचा आहे. भिंतीवर लावता यावा आणि पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर ठेवता यावा असा. झोप, चिडचिड, भास यांच्या नोंदी बऱ्याच घरांत ठेवतात. वजन, कंबर, साखर आणि शौच यांच्या ठेवत नाहीत. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यात हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा वाटा मोठा आहे, हे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. म्हणून हा खटाटोप.

तीन गोष्टी नेमक्या हव्यात. काय मोजायचं आणि कोणत्या आठवड्यात? वजन किती वाढलं की डॉक्टरांना फोन करायचा? ("फार वाढलं तर" असं मोघम लिहायचं नाहीये.) आणि क्लोझापिन (स्किझोफ्रेनियावरचं औषध), लिथियम (बायपोलरवरचं औषध) यांना वेगळा रकाना लागेल का?

मापपट्टी

सगळ्यात मोठा रकाना वजनाला द्या, आणि त्यातही पहिल्या ६ आठवड्यांना. या काळात दर आठवड्याला वजन, मग १२व्या आठवड्यात, पुढे दर ३ महिन्यांनी. सुरुवातीच्या आठवड्यांत झपाट्याने चढणारं वजन पुढेही चढत राहण्याची शक्यता जास्त असते, म्हणून "आधी मन स्थिर होऊ दे, वजनाचं नंतर बघू" हे धोरण महागात पडतं. चढलेलं उतरवण्यापेक्षा चढूच न देणं कितीतरी सोपं.

फोन करायचा आकडा: मूळ वजनाच्या ५ टक्के. घरच्यांना टक्के काढायला लावू नका. पहिल्या दिवशीच तो आकडा पानाच्या डोक्यावर लाल शाईने लिहा. ६० किलो असेल तर ६३. ७० असेल तर ७३.५. वजन सकाळी, लघवीनंतर, न्याहारीआधी, हलक्या कपड्यांत; काटा तोच आणि कडक फरशीवर. गादीवर किंवा सतरंजीवर ठेवलेला काटा चुकीचं दाखवतो.

कंबर मोजताना बहुतेक जण पट्टी पँटच्या पट्ट्याच्या जागी लावतात, ते चूक. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पट्टी आडवी धरायची, श्वास नेहमीसारखा सोडल्यावर वाचायचं. दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांत ८० ही धोक्याची रेघ मानतात.

उपाशीपोटी साखर, चरबीची तपासणी आणि रक्तदाब: गोळी सुरू करण्यापूर्वी, १२ आठवड्यांनी, मग निदान वर्षातून एकदा. पहिल्या काही आठवड्यांत एचबीए१सीवर विसंबू नका. ती रक्तातल्या साखरेची साधारण ३ महिन्यांची सरासरी असते, त्यामुळे नुकतीच वाढलेली साखर तिच्यात दिसत नाही. ओलान्झापिन (हेही याच आजारांवरचं औषध) आणि क्लोझापिनवर वजन न वाढताही साखर बिघडू शकते. फार तहान, वारंवार लघवी, उलट्या, जोरजोराने श्वास अशी लक्षणं एकत्र दिसली तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

भुकेबद्दल एक वाक्य तक्त्यावर जरूर छापा. ही औषधं हिस्टामिनच्या एच-१ आणि सेरोटोनिनच्या २-सी ग्राहकांना (पेशींवरच्या, या रसायनांचे संदेश घेणाऱ्या जागांना) अडवतात, त्यामुळे भूक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. "तोंडावर ताबा नाही" असं शुभार्थीला बोलणं अन्यायाचं आहे, आणि त्याने वजन कमी होत नाही. माणूस लपून खायला लागतो, एवढंच. त्यापेक्षा आधी गोड पेयं बंद करा. तोंड कोरडं पडतं म्हणून दिवसभर गोड पेयांचे घोट घेतले जातात, आणि वजनाबरोबर दातही जातात. पाणी, साखर नसलेलं च्युइंगगम, दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट.

लाल आकडा ओलांडला तर डॉक्टरांपुढे मुख्यतः दोन वाटा असतात: ॲरिपिप्राझोलसारख्या कमी वजन वाढवणाऱ्या औषधाकडे वळणं, किंवा मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) जोडणं. मेटफॉर्मिन बहुधा ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणाबरोबर, हळूहळू वाढवत देतात. घाईने वाढवलं तर जुलाब होतात आणि माणूस ते सोडून देतो. आधी मूत्रपिंडांची तपासणी हवी, आणि दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ची. मानसिक आजाराची गोळी मात्र घरच्या घरी बंद करायची नाही. फिनलंडच्या २००९ सालच्या मोठ्या अभ्यासात दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांचा मृत्युदर काहीच न घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळला होता, आणि सर्वांत कमी क्लोझापिनवाल्यांचा.

सावकाश

क्लोझापिनला नुसता रकाना पुरणार नाही, चौकट आखा. तिच्यात रोजची एकच खूण: शौच झाली की नाही.

क्लोझापिन आतड्यांची हालचाल मंदावतं. बद्धकोष्ठता किरकोळ वाटते, पण आतडं अडून माणसं दगावली आहेत. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये याबद्दलचा इशारा अधिक कडक केला. बरेच शुभार्थी आपणहून तक्रार करत नाहीत, म्हणून विचारावं लागतं, आणि "पोट ठीक आहे ना?" असं नाही, "शेवटची शौच कोणत्या दिवशी झाली?" असं. आठवड्यात ३ पेक्षा कमी झाली तर डॉक्टरांना कळवा. पोट फुगलं, दुखलं, उलटी झाली तर लगेच रुग्णालय. थरथर थांबवायला ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर धोका वाढतो; ते अजून लागतंय का, हे प्रत्येक भेटीत विचारा.

दुसरी खूण धूम्रपानाची. सिगारेटच्या धुरातले घटक यकृतातलं सीवायपी१ए२ हे विकर (एन्झाइम) वाढवतात, त्यामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जातं. माणसाने अचानक सिगारेट सोडली की तोच डोस जड होतो. क्लोझापिनची रक्तपातळी आठवडाभरात दीडपट किंवा त्याहून वर जाऊ शकते: गुंगी, लाळ, चक्कर, क्वचित फिट. रुग्णालयात दाखल झाल्यावर सिगारेट बंद होते, तेव्हा हे हमखास नजरेतून सुटतं. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही; त्यामुळे निकोटीनची पट्टी लावली तरी पातळी चढणारच, आणि तोंडात धरायच्या तंबाखूने ती खाली येत नाही.

म्हणून सिगारेट सोडू नये असं नाही. सोडावीच, पण तारीख ठरवून आणि डॉक्टरांना आधी सांगून, म्हणजे रक्तपातळी बघून डोस कमी करता येतो. पुन्हा सुरू केली तर तेही कळवायचं. सिगारेट सोडायला देतात त्या व्हॅरेनिक्लिनने मन बिघडेल ही भीती बरीच वर्षं होती. २०१६ मध्ये आलेल्या ८,००० हून अधिक लोकांच्या ईगल्स चाचणीत, मानसिक आजार असलेल्यांतही, तसा लक्षणीय फरक दिसला नाही. क्लोझापिनवर बुप्रोपिऑन (सिगारेट सोडायचं दुसरं औषध) मात्र सहसा टाळतात, दोन्हींनी फिटचा धोका वाढतो.

ताप आला तरी कळवा. तो पांढऱ्या पेशी घटल्याचा किंवा, पहिल्या दोन महिन्यांत, हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचा इशारा असू शकतो. शिवाय जोराच्या संसर्गात क्लोझापिनची पातळीही चढते.

उंबरठा

लिथियमसाठी थोडक्यात. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री ९ला गोळी, तर सकाळी ९ला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. वेळ चुकली की आकडा निरर्थक, म्हणून तक्त्यात दोन्ही वेळा लिहायला जागा ठेवा. थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), कॅल्शियम दर ६ महिन्यांनी.

पातळी चढवणाऱ्या गोष्टी: जुलाब-उलट्या, खूप घाम, एकदम मीठ तोडणं, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं. अंगदुखीला पॅरासिटामॉल बरं. हात जोरात थरथरणं, बोलणं जड होणं, चालताना तोल जाणं दिसलं तर पुढची गोळी न देता तातडीने डॉक्टर.

नोंदवही

फार कामाचं आहे, आभार. दोन शंका. बद्धकोष्ठतेला इसबगोल लिहू का? आणि व्यायामाचा रकाना कसा आखू? "रोज अर्धा तास" लिहिलं की तो रिकामाच राहतो.

सावकाश

क्लोझापिनवर इसबगोल लिहू नका. त्याने मळाचा आकार वाढतो, पण पुढे ढकलणारी हालचालच मंद असेल तर तो तिथेच तुंबतो. अशा वेळी सेना किंवा मॅक्रोगोलसारखी रेचकं डॉक्टर देतात.

मापपट्टी

मिनिटांऐवजी वेळ आणि सोबत लिहा: "न्याहारीनंतर, कोणाबरोबर?" या आजारात पुढाकार घेण्याची शक्तीच ओसरते, त्यामुळे चपला घालून दारात उभं असणारं माणूस वेळापत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडतं. सुरुवात ५ ते १० मिनिटांची, आठवड्याला थोडी वाढ, आठवड्याला १५० मिनिटं हे पुढचं लक्ष्य. सकाळची गुंगी असेल तर संध्याकाळ धरा. रात्रीचा डोस थोडा आधी घेता येईल का, तेही डॉक्टरांना विचारा. चुकलेल्या दिवसावर फुली मारू नका, चौकोन नुसता कोरा सोडा.