शस्त्रक्रियेतला ग्लू: 'शोषणक्षम', 'विरघळणारा' की 'जिरणारा'?

प्रश्न: आईच्या डोळ्यातलं वाढलेलं मांस (ती त्याला वडस म्हणते) पुढच्या आठवड्यात काढायचंय. कोथरूडच्या दवाखान्यातल्या संमतिपत्रात 'शोषणक्षम ऊतक आसंजक वापरण्यात येईल' असं लिहिलंय. आई विचारतेय, "म्हणजे डोळ्यात नक्की काय घालणार?" काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "विरघळणारा ग्लू असतो काकू, काळजी करू नका." हे दोन्ही एकच का? मराठीत नीट शब्द कोणता?

उत्तर: आधी आईंना 'आसंजक' विसरायला सांगा. चिकटवणारा पदार्थ, एवढाच त्याचा अर्थ. पुण्यातले डॉक्टर आणि पेशंट दोघंही 'ग्लू'च म्हणतात, तोच ठेवावा. डिंक झाडाचा, सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा, खळ पिठाची. यातला एकही इथे बसत नाही. 'ऊतक'ही तिथे नकोच, शाळेच्या पुस्तकात मुलं 'ऊती' शिकतात.

महत्त्वाचं आहे ते क्रियापद. या शस्त्रक्रियेत बहुतेक वेळा फायब्रिन ग्लू वापरतात. जोडसिरिंजच्या एका नळीत फायब्रिनोजेन असतं, दुसरीत थ्रॉम्बिन; दोन्ही रक्त गोठवणारी प्रथिनं. दोन्ही द्रव टोकाशी एकत्र आले की काही सेकंदांत त्यांची मऊ साय (फायब्रिन) धरते आणि डोळ्याच्याच दुसऱ्या भागातून घेतलेली पातळ त्वचा मांस काढलेल्या जागेवर चिकटून बसते. खरचटल्यावर रक्त गोठतं त्या प्रक्रियेची ही शेवटची पायरी, फक्त बाहेरून घडवलेली.

आता हा ग्लू जातो कुठे? साखर पाण्यात विरघळते तेव्हा साखरच राहते. फायब्रिनचं तसं होत नाही. शरीरातलं प्लाझ्मिन नावाचं विकर त्याचे धागे तोडतं, पेशी उरलेले तुकडे साफ करतात आणि साधारण दोन आठवड्यांत ग्लू नाहीसा होतो. मुका मार लागून साकळलेलं रक्त असंच जातं, आणि त्याला आपण 'रक्त जिरलं' म्हणतो. 'शोषणे' म्हटलं की टीपकागदासारखं जसंच्या तसं ओढून घेणं डोळ्यापुढे येतं. 'जिरणे'मध्ये आधी मोडणं आणि मग अंगात मिसळणं, दोन्ही आहे; अन्नही असंच जिरतं. म्हणून माझं मत ठामपणे 'जिरणारा ग्लू' या बाजूने.

सुरक्षिततेबद्दल आईंना सरळ सांगा. यातली प्रथिनं दात्यांच्या रक्तद्रवातून काढतात. दात्यांची तपासणी होते आणि विषाणू निष्प्रभ करण्याची प्रक्रियाही करतात. संसर्गाचा धोका फार कमी असतो, शून्य म्हणता येत नाही. काही उत्पादनांत ग्लू लवकर जिरू नये म्हणून अ‍ॅप्रोटिनिन घालतात. ते गाईबैलांपासून मिळवलेलं असू शकतं. पूर्वी कशाची अ‍ॅलर्जी आली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि पहिले काही दिवस डोळा अजिबात चोळायचा नाही, बसवलेली त्वचा सरकू शकते.

पुढचा प्रश्न: माझ्या मुलीच्या हनुवटीला खोक पडली तेव्हा टाके न घालता ग्लू लावला होता. तोही जिरला म्हणायचा का?

उत्तर: नाही, तो झडला. खपली झडते तसाच. तो सायनोअ‍ॅक्रिलेट, वेगळ्याच कुळातला. कातडीवर पातळ पापुद्रा धरतो आणि साधारण 5 ते 10 दिवसांत वरच्या मेलेल्या थरासकट निघून जातो. त्यावर व्हॅसलिन किंवा मलम लावू नये, पापुद्रा सैल पडतो.

हा जखमेच्या आत सोडत नाहीत. तो मोडताना फॉर्मल्डिहाइड तयार होतं. रेणूची शेपटी आखूड असली की मोडतोड भराभर होते आणि आसपासचं मांस सुजतं. औषधी ग्लूमध्ये म्हणूनच लांब शेपटीचे ब्यूटिल आणि ऑक्टिल प्रकार घेतात. स्टेशनरीच्या दुकानातला झटपट ग्लू बहुधा आखूड शेपटीचा इथिल असतो; तो मुलांच्या जखमेला कृपा करून कोणीही लावू नका.

ब्यूटिल प्रकार मुद्दाम शरीराच्या आतही वापरतात. लिव्हरच्या आजारात जठरातल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्त वाहायला लागलं, तर एंडोस्कोपीतून तो शिरेत सोडतात. तिथे तो दगडासारखा घट्ट होतो आणि महिनोन्‌महिने राहतो. त्याला 'जिरणारा' म्हणणं चूक ठरेल. महाधमनीच्या शिवणीवर लावतात तो अल्ब्युमिन-ग्लुटराल्डिहाइडचा ग्लूही बराच काळ टिकणारा.

आणखी एक प्रश्न: मग 'विरघळणारे टाके' हेही चूकच ना?

उत्तर: तो शब्द घराघरांत रुळलाय, तो बदलायला जाऊ नये. शिवाय हल्लीचे बरेचसे धागे पाण्यामुळेच हळूहळू तुटतात, त्यामुळे तो अगदीच परका नाही. मेंदूच्या आवरणावर लावतात त्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या ग्लूलाही 'विरघळणारा' शोभतो: आधी तो पाणी धरून फुगतो, मग पाण्यानेच तुटतो आणि 4 ते 8 आठवड्यांत जाऊन लघवीवाटे बाहेर पडतो. फुगतो म्हणूनच मज्जातंतूजवळ, अरुंद जागी तो फार जपून लावतात.

आईंच्या संमतिपत्रापुरतं मी असं लिहीन: 'त्वचा चिकटवण्यासाठी मानवी रक्तापासून बनवलेला, साधारण दोन आठवड्यांत अंगात जिरणारा ग्लू वापरला जाईल.'