कुळागरातला धनेश
अभयारण्यं बंद म्हणजे लॉकडाऊनमध्ये पक्ष्यांचे फोटो संपले, असं काहीजण म्हणतात; ते मला पटत नाही, निदान गोव्यापुरतं तरी. घरामागची कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, कुठे बंद होत्या? शिवाय 25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली ती नेमकी मलबारी कवड्या धनेशाच्या (हॉर्नबिल पक्ष्याच्या) विणीच्या दिवसांत. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फटीतून चोच तेवढी बाहेर. नर गळ्यात साठवून आणलेली वड-उंबराची फळं एकेक काढून तिला भरवतो. आमच्या कुळागराच्या कडेला, जुन्या झाडावर, हे रोज चालायचं.

फक्त ढोली कुठे आहे ते कृपया जाहीर करू नका. खाली माणूस दिसला की नर दूरच्या फांदीवर ताटकळत बसतो आणि आत मादी-पिल्लं उपाशी राहतात. मी माडांच्या आडून, लांबूनच फोटो काढले. पक्षी बारीक आलाय, पण भरवणं स्पष्ट दिसतं.