आधी मोजणी, मग नकाशा

घराच्या बांधकाम परवानगीसाठी ‘सातबारा आणि आर्किटेक्टचा नकाशा असला की फाईल सरकते’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. युडीसीपीआरच्या (राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीच्या) क्षेत्र तक्त्यात सुरुवातीलाच तीन आकडे भरावे लागतात: मालकीच्या कागदावरचं क्षेत्र, मोजणी नकाशातलं आणि प्रत्यक्ष जागेवरचं. तिन्हींपैकी सर्वांत कमी असेल तेच धरतात, एफएसआयही (जागेच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल तो आकडा) त्यावरच.

आमच्या सातबाऱ्यावर दोन गुंठे, म्हणजे साधारण २०२ चौरस मीटर. मोजणीत भरले १९१. हद्दीची खूण थेट आमच्या आंब्याच्या बुंध्याशी आली, आई कितीतरी वेळ तिथेच उभी होती. तोवर आर्किटेक्टने घराचा नकाशा तयार केलेला. बाजूचं सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) बसेना, जिना हलवावा लागला, देवघराची खोली गेली. म्हणून कळकळीने सांगतो, भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज आजच टाका आणि ‘क’ प्रत (अर्जदाराला मिळणारा मोजणी नकाशा) हातात आल्यावरच आर्किटेक्टकडे जा.