हार्डडिस्क प्लेयर: २४/१९२ फाइलमध्ये टक्-टक्, मध्येच डिस्क गायब

खर्ज_४४१
रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर मूड ऑडिओ हे संगीत वाजवायचं सॉफ्टवेअर टाकलं आहे. २ टीबीची २.५ इंची पोर्टेबल डिस्क आणि डॅक (डिजिटल सिग्नलचा अॅनालॉग करणारा डबा), दोन्ही पायच्याच यूएसबीवर चालतात. पायला फोनचा चार्जर आहे. सीडीवरून घेतलेल्या फाइल नीट वाजतात, पण २४/१९२ (२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ) फाइल लावली की अधूनमधून टक्-टक् येतं आणि कधी कधी अख्खी लायब्ररीच दिसेनाशी होते. शिवाय संगीत हळू असताना डिस्कची घरघर ऐकू येते. डिस्क काढून एसएसडी घेऊ का? सुमारे ६०० सीडी अजून रिप करायच्या (फाइल म्हणून उतरवून घ्यायच्या) आहेत, त्या वॅवमध्ये (कॉम्प्रेशन नाही) ठेवू की फ्लॅकमध्ये (काही न गमावता कॉम्प्रेशन)? वॅव जास्त मोकळं वाजतं असं बरेच जण सांगतात.

तांब्याची_तार
डिस्कचा वेग इथे कारण असूच शकत नाही. २४/१९२ स्टिरिओला कॉम्प्रेशन न करताही सेकंदाला साधारण १.१५ एमबी लागतात; जुनाट डिस्कही याच्या कितीतरी पट देते. आधी वीज तपासा. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. २.५ इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी एकटीच १ अँपिअरच्या आसपास ओढू शकते, आणि वर तुमचा डॅक. व्होल्टेज पडलं की डिस्कच्या खोक्यातला यूएसबी-साटा ब्रिज (डिस्कला यूएसबीशी जोडणारी चिप) रीसेट होतो आणि लायब्ररी गायब होते.

२४/१९२ फाइल लावून कर्नलचा लॉग (सिस्टिमच्या गाभ्याचे संदेश) समोर चालू ठेवा. 'अंडरव्होल्टेज' दिसलं तर चार्जर किंवा त्याची केबल कमी पडते आहे. 'ओव्हरकरंट' आलं तर पोर्टची मर्यादा ओलांडली. नुसतं 'डिसकनेक्ट' असेल तर यूएसबी केबल बदलून पाहा. 'यूएएस'च्या (यूएसबी डिस्कशी जलद बोलण्याची पद्धत) चुका येत असतील तर त्या ब्रिजसाठी यूएएस बंद करा. त्याचा क्वर्क (त्या उपकरणापुरती खास सूचना) पायच्या कमांडलाइन फाइलमधल्या त्याच एका ओळीत लिहायचा, नवी ओळ केली तर लागू होत नाही.

मग तीच फाइल एसडी कार्डवर कॉपी करा, डिस्क उपटा आणि वाजवा. टक् गेलं तर दोष डिस्कच्या बाजूचा, राहिलं तर डॅककडे वळा.

खर्ज_४४१
लॉगमध्ये अंडरव्होल्टेजच्या ओळी भरपूर आहेत, यूएएसची एकही नाही. एसडी कार्डवरून टक् येत नाही. डिस्कला वेगळी वीज देणारा यूएसबी हब घ्यायचा तर तो किती अँपिअरचा घ्यावा?

तांब्याची_तार
एका डिस्कला ५ व्होल्ट २ अँपिअरचा स्वतंत्र अॅडॉप्टर असलेला हब पुरतो. पण फोनचा चार्जरही काढा. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. डॅक थेट पायलाच ठेवा, हबवर फक्त डिस्क. पाय बंद करून त्याची केबल काढल्यावरही लाल दिवा मंद पेटलेला दिसला तर हब उलटी वीज सोडतो आहे. असा हब परत करा.

बिट_बरोबर
वॅव आणि फ्लॅकचं उत्तर सरळ आहे: फ्लॅक. डीकोड झाल्यावर डॅककडे जाणारे बिट तंतोतंत तेच असतात. फ्लॅकच्या हेडरमध्ये मूळ ऑडिओचा एमडी५ (पडताळणीचा आकडा) असतो, त्यामुळे वर्षांनंतरही फाइल सडली की नाही हे एका कमांडने कळतं. वॅवमध्ये ही सोय नाही आणि टॅगही धड टिकत नाहीत. एक सीडी सरासरी ३५० एमबी धरली तर ६०० सीडी २१० जीबीत मावतात.

खरी मेहनत रिपमध्ये आहे. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या रिपिंग सॉफ्टवेअरमध्ये सिक्युअर मोड ठेवा, ड्राइव्हचा रीड ऑफसेट (वाचताना होणारा ठरावीक सरकाव) भरा आणि प्रत्येक ट्रॅक अॅक्युरेटरिपशी (इतरांच्या रिपच्या डेटाबेसशी) जुळतो का पाहा. एकही ट्रॅक जुळत नसेल तर ती आवृत्ती वेगळी असू शकते. एकच जुळत नसेल तर सीडी पुसून तो पुन्हा घ्या. १९८० च्या दशकातल्या काही सीडींवर प्रीएम्फसिस (मुद्दाम वाढवलेले वरचे सूर) असतो. सीडी प्लेयर तो खूण वाचून आपोआप उतरवतो, पण रिप केलेल्या फाइलमध्ये ती खूण नाहीशी होते आणि आवाज कर्कश होतो. जुनी सीडी अचानक टोकदार वाटली तर आधी हे तपासा, डॅकला दोष देऊ नका.

शांत_खोली
घरघरीसाठी एसएसडी चांगलीच, पण डिस्क दुसऱ्या खोलीत ठेवून वायर्ड लॅनवरून वाचली तर तीच शांतता मिळते. तीच खोली हवी असेल तर डिस्क अॅम्पच्या फळीवर ठेवू नका, फळी पेटीसारखी घुमते. खाली मऊ फोम घाला. स्पिनडाउन (न वापरल्यास डिस्क थांबवण्याची वेळ) अर्ध्या तासाच्या आत लावू नका, नाहीतर डिस्क वारंवार थांबते-सुरू होते आणि ट्रॅक सुरू व्हायला काही सेकंद लागतात.

रिप सुरू करण्याआधी दुसरी डिस्क घ्या. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) म्हणजे बॅकअप नव्हे. दोन्ही डिस्क सिंक करताना 'डिलीट' पर्याय लावू नका, चुकून खोडलेला अल्बम दुसरीकडूनही जाईल. स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत) १९७ क्रमांक (वाचता न आलेले सेक्टर) शून्यावरून वर गेला तर आधी कॉपी, मग तपास. १९९ (डेटा नेताना झालेल्या चुका) वाढत असेल तर बहुतेक वेळा केबल किंवा कनेक्टर.